पाऊसबाप्या निघाला फुजी पाहायला

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पाऊस माझ्यामुळे पडत नाही. पाऊस ढगांमुळे पडतो, ढग वाफेमुळे होतात, आणि मात्सुए शहराच्या पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढलेला माणूस असल्यामुळे हे मला चारचौघांपेक्षा जरा जास्तच कळतं. तरीही आमच्या आळीत मला ‘पाऊसबाप्या’ म्हणतात. असा एकेक जण प्रत्येक आळीत असतो. तो घराबाहेर पडला की आभाळ भरून येतं अशी लोकांची ठाम समजूत असते, आणि एकदा का हे नाव चिकटलं की मग माणसाने दुष्काळात मरून दाखवलं तरी ते सुटत नाही. शाळेच्या क्रीडादिनी पाऊस पडला तेव्हा मैदानावर अख्खी शाळा होती, पण नाव माझं झालं. माझ्या लग्नात पाऊस पडला तेव्हा तिथे माझी बायकोही होती, तिला कुणी काही म्हणत नाही. नव्या जलाशयाच्या उद्‌घाटनाला पाऊस पडला, तो तर खात्याच्या फायद्याचाच होता. तरी मोठ्या साहेबांनी भिजत भिजत माझ्याकडेच पाहिलं.

या बदनामीचा मूळ प्रचारक म्हणजे हिरानुमा. माझा शाळासोबती. आता त्याचं केशकर्तनालय आहे. त्याच्या हातात वस्तरा आणि त्याखाली आपली मान असते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालायला एक मर्यादा पडते. गेल्या शरदात एका दुपारी मी तिथे असाच मान देऊन बसलो होतो, आणि शेजारच्या खुर्चीत आमचा तिसरा सोबती सेगावा वर्तमानपत्र वाचत होता.

सेगावा चित्रकलेचा मास्तर. आता निवृत्त, बायको जाऊन तीन वर्षं झालेली. बोलणं असं की एखादं वाक्य ऐकायचं तर चहाचे दोन पेले संपतात. नोव्हेंबर संपला की तो मुलाकडे साप्पोरोला कायमचा राहायला जाणार होता. घर विकलं होतं, फुलझाडं वाटून टाकली होती. त्याबद्दल आम्ही कुणी एक शब्द बोलत नव्हतो, आणि न बोलण्यात आमची आळी फार तरबेज आहे.

त्या दिवशी तो वर्तमानपत्राआडून एकदम म्हणाला, “फुजी मात्र बघायचा राहिला.”

हिरानुमाचा वस्तरा थांबला. “काय म्हणतोस! मास्तर, तू जन्मभर पोरांकडून फुजी काढून घेतलास ना?”

“चित्रावरून काढून घेतला. शाळेची सहल गेली तेव्हा मला गोवर झाला होता. पुढे राहूनच गेलं.”

बाहेर सायकलची घंटी वाजली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “मग जाऊ या की! मी करतो सगळी व्यवस्था.”

हिरानुमा माझ्याकडे आरशातून बघत राहिला. “तू व्यवस्था कर. खुशाल कर. पण तू येणार आहेस का?”

बघा! म्हणजे ज्याने कल्पना काढली, गाड्यांची वेळापत्रकं बघायची, मुक्काम ठरवायचा, त्याने घरी बसायचं. माझा चेहरा पडलेला बघून सेगावा हळूच म्हणाला, “कुझे येणार नसेल तर मलाही नको.” एवढ्या एका वाक्यासाठी मी त्याला हिमालयात न्यायला तयार झालो असतो.

बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली आणि सल्ले सुरू झाले. तांदूळवाल्याने सांगितलं, जानेवारीत जा, तेव्हा आकाश लख्ख असतं. जानेवारीत सेगावा साप्पोरोत बर्फ उपसत असणार हे त्याच्या गावी नव्हतं. औषधवालीने सांगितलं, मी एक दिवस उशिरा निघावं, म्हणजे पाऊस माझ्यासोबत मागाहून येईल. माझी बायको सुमिए तर शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्ही न सांगता जा. पावसाला कळता कामा नये.” अखेर हिरानुमानेच तोड काढली: नागुमो-बाईंना सोबत घ्यायचं.

नागुमो-बाई म्हणजे आमच्या आळीची ऊनबाई. त्यांचं कपडे धुण्याचं दुकान आहे, आणि त्यांनी दांडीवर चादर टाकली की ढग रस्ता बदलतात अशी ख्याती आहे. आळीच्या उन्हाळी जत्रेला त्यांना पुढच्या रांगेत बसवतात. म्हणजे मी विष आणि त्या उतारा. मी विरोध केला नाही. स्वाभिमान बाजूला ठेवून स्वतः विचारायला गेलो.

“येते की,” नागुमो-बाई इस्त्री फिरवत म्हणाल्या. “पण कुझे-सान, माझी ताकद तुमच्यापुढे पुरेल ना? जत्रेतला पाऊस साधा असतो. तुमचा म्हणजे मुरलेला.”

आता राहिली कचऱ्याची जाळी. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून कचऱ्यावर सकाळी जाळी पसरायची आणि गाडी गेल्यावर घडी करून ठेवायची, ही पाळी घरोघर फिरते. आमच्या सहलीच्या दिवसांत नेमकी पहिली पाळी माझी आणि मग हिरानुमाची. पाळी बदलायला आळीच्या अध्यक्षांची, म्हणजे वाकात्सुकी-सानांची संमती लागते. सुमिए म्हणाली, ती पसरेल जाळी. पण वाकात्सुकी-सानांच्या मते पाळी पुरुषाच्या नावावर असेल तर बदलीची रीतसर विनंती हवी, आणि ती आळीच्या बैठकीत मांडायला हवी. बैठक झाली. जाळीवर चर्चा झाली, कावळ्यांच्या वाढत्या धीटपणावर चर्चा झाली, माझ्या पावसावर तर फारच झाली. शेवटी अध्यक्षांनी संमती दिली आणि वर बजावलं, “कुझे-सान, ठरल्या दिवशी परत या. पाळ्यांचा घोळ मला चालणार नाही.”

निघालो. शिन्कान्सेन या वेगवान गाडीत डोंगराच्या बाजूची खिडकी सेगावासाठी राखली होती. पण तो तिथे बसेना. “नागुमो-सान, तुम्ही बसा.” “छे छे, मास्तर, तुमच्यासाठीच तर...” “हिरानुमा, निदान तू...” “मी? मी तर फुजी दोनदा पाहिलाय, कुझेला बसू दे.” “मला नको बाबा, मी खिडकीत बसलो तर काच फुटेपर्यंत पाऊस येईल.” हे आम्ही चौघेही उभ्यानेच बोलत होतो. अखेर तिकीट तपासनीस अदबीने वाकून म्हणाला की डोंगराचा टप्पा आता पाचेक मिनिटांवर आलाय. तेव्हा कुठे सेगावाला आम्ही खांदे धरून बसवलं.

डोंगराच्या जागी करडी भिंत होती. खालून वरपर्यंत ढग.

“कारखान्यांच्या चिमण्या मात्र छान दिसल्या,” सेगावा म्हणाला.

मिशिमा स्टेशनला उतरून बसने निघालो तर पाऊस सुरू. बसचा चालक ध्वनिक्षेपकावर म्हणाला, “डाव्या हाताला फुजी पर्वत आहे. आज तो दाखवता येत नाही, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.” इतकी कळकळ होती त्याच्या आवाजात की डोंगर त्यानेच कुठे विसरून आल्यासारखं वाटावं. आमच्या लोकांचं मला हेच फार आवडतं. हिरानुमा मात्र माझ्या कानाशी म्हणाला, “त्याने कशाला मागायची माफी? आरोपी इथे बसलाय.”

कावागुची सरोवराच्या उत्तर काठावरच्या एका रयोकानात, म्हणजे जुन्या वळणाच्या विश्रामगृहात, मुक्काम होता. खोली ऐसपैस, समोर काचेचं दार, दारासमोर सरोवर, आणि सरोवराच्या पलीकडे जिथे फुजी असायला हवा तिथे धुकं. आम्हा तिघा पुरुषांना ही खोली आणि नागुमो-बाईंना शेजारची. मालकीणबाई गुडघ्यांवर बसून आत आल्या आणि त्यांनीही डोंगरातर्फे क्षमा मागितली. मग भिंतीवरच्या फुजीच्या मोठ्या फोटोकडे हात करून म्हणाल्या, “हा असा दिसतो.” सेगावाने फोटोसमोर बसून तो मनापासून बघितला आणि म्हणाला, “चौकटीचं लाकूड फार सुंदर आहे.”

दुसरा दिवस अखंड पावसात गेला. नागुमो-बाईंनी सकाळीच रुमालाच्या बाहुल्या करून खिडकीत टांगल्या, ऊन पडावं म्हणून पोरं टांगतात तशा. दुपारी परत येऊन बघतो तर सगळ्या बाहुल्या डोकी जड झाल्यामुळे उलट्या लटकलेल्या. बाहुली उलटी टांगली की उलट पाऊस येतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. खरं तर डोक्यात कापूस बाईंनीच जास्त कोंबला होता, पण त्या माझ्याकडे अशा दुःखाने बघत होत्या की मीच माफी मागितली.

तरी सेगावा खुशीत होता. पावसात भिजलेलं मेपलचं झाड बघायला तो छत्री घेऊन तळ्याकाठी उभा राहिला. “लाल रंग ओला झाल्याशिवाय पुरा होत नाही,” म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याने गेल्या वर्षभरात उच्चारलं नव्हतं. मला बरंही वाटलं आणि वाईटही. या माणसाला दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगर न दाखवताच परत न्यायचं होतं.

त्या शेवटच्या सकाळी उजाडताना मी एकटाच उठलो आणि उघड्यावरच्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन बसलो. कुंडात आणखी एक जाडसर गृहस्थ डोळे मिटून बसले होते. डोक्यावर छोटा पंचा ठेवून मी आकाशाकडे न बघता पाण्याकडे बघत होतो, कारण आकाशाशी माझं बोलणं बंद होतं. इतक्यात ते गृहस्थ “ओ...” असं काहीसं म्हणाले.

मी मान वर केली. धुकं मधोमध फाटलं होतं आणि त्यात फुजी उभा होता. वरचं बर्फ कोवळ्या उन्हाने गुलाबी झालेलं, दोन्ही उतार शांतपणे खाली येऊन धुक्यात शिरलेले. मी फुजी आधीही पाहिला होता, पण गाडीतून, घाईत. असा नव्हता पाहिला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुंडाच्या वाफेने आलं असं मी म्हणणार नाही. इतकी मोठी वस्तू इतकी शांत असू शकते आणि आपल्यासारख्या पंचा डोक्यावर घेतलेल्या माणसालाही विनातक्रार दिसू शकते, याचं मला फार अप्रूप वाटलं. आणि लगेच मनात आलं: सेगावा!

पाण्यातून उडी मारली. दगडावर घसरलो, गुडघा फोडला, अंगावर घालायचा युकाता झगा उलटा गुंडाळला आणि लांबलचक बोळातून धावलो. बोळाच्या टोकाला खिडकी होती. तिच्यातून पाहिलं तर धुकं पुन्हा मिटलं होतं.

खोलीत गेलो. पडदा ओढलेला. हिरानुमा पांघरुणात, नेहमीपेक्षा मोठ्याने घोरत होता. सेगावा तोंड पुसत न्हाणीघरातून बाहेर आला.

“काय रे, धावत आलास?”

“कुठे काय. पाय मोकळे करत होतो.”

आता माझी अडचण समजून घ्या. ज्या क्षणी मी “फुजी दिसला” म्हणेन, त्या क्षणी माझ्यावरचा जन्मभराचा कलंक धुऊन निघणार होता. पाऊसबाप्यालाच फुजी दिसला! हिरानुमाचं तोंड कायमचं बंद. पण ते वाक्य ऐकून सेगावा काय म्हणाला असता? तो म्हणाला असता, “वा, छान झालं,” आणि तसं म्हणताना त्याचा चेहरा जसा झाला असता तो मला बघायचा नव्हता. ज्याला दाखवायला आणलं तो तोंड धूत राहिला आणि मी पाण्यात बसून पाहून आलो. ओठ घट्ट मिटले.

न्याहारीला सगळ्यांच्या नजरा आपापल्या वाटीत. नागुमो-बाई लोणच्याच्या एका फोडीकडे एकटक बघत होत्या. मालकीणबाई आल्या आणि हसून म्हणाल्या, “आज पहाटे...” मग एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “आज पहाटे मासे फार ताजे आले.” या बाईंना मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घातला.

“आणखी एक दिवस राहू या का?” मी म्हटलं.

“राहू या!” हिरानुमा म्हणाला. हा माणूस माझ्या सूचनेला इतक्या वर्षांत प्रथमच विरोध न करता हो म्हणाला होता. “दुकान काय, बंदच आहे.”

“मीही राहते,” नागुमो-बाई घाईघाईने म्हणाल्या.

सेगावाने वाकून नमस्कार केला. “माझ्यासाठी तुम्हा सगळ्यांना उगाच...”

“नाही रे! नाही हो! छे छे!” आम्ही तिघेही इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

वाकात्सुकी-सानांना फोन केला. ते म्हणाले, “उद्या हिरानुमा-सानांची बदलून घेतलेली पाळी होती.”

“हो, पण इथे पाऊस फार आहे, डोंगर दिसला नाही, आणि सेगावा-सान...”

“पाऊस असणारच, कुझे-सान. तुम्ही तिथे आहात.” फोन बंद. जाळी त्यांनी स्वतः पसरली असं नंतर कळलं, आणि त्यांना कावळ्याने टोचलं हेही कळलं.

तो जास्तीचा दिवस! पाऊस असा कोसळत होता की सरोवरसुद्धा दिसेना. आम्ही खोलीतच आतून गरम होणाऱ्या चौकोनी टेबलाखाली पाय खुपसून पत्ते खेळलो. भोपळा घालून उकळलेल्या जाड शेवयांचं कालवण मागवलं. नागुमो-बाई पत्त्यांत उघड उघड लबाडी करत होत्या आणि हिरानुमा मला दर डावाला नव्याने शिव्या घालत होता: “अरे, तुला वाळवंटात सोडलं तर तिथे भात पिकेल!” मी गप्प ऐकून घेत होतो. एक वाक्य, फक्त एक वाक्य, आणि याचं तोंड बंद. पण ते वाक्य गिळत होतो. नागुमो-बाईंचेही हाल बघवत नव्हते. त्यांची ऊनबाई म्हणून असलेली अब्रू माझ्यापायी धुळीला मिळत होती, आणि त्याही बिचाऱ्या निमूट सोसत होत्या. आणि सेगावा हसत होता. तो बायकोबद्दल बोलला. ती त्याच्या चित्रांना नावं ठेवायची, आणि ती गेल्यापासून त्याने एकही चित्र काढलं नाही, हे त्याने आम्हाला त्या दुपारी सांगितलं. साप्पोरोला आपलं कुणी ओळखीचं नाही, हेही सांगितलं. मग आम्ही पुन्हा पत्ते पिसले.

निघायची सकाळ झाली. रिमझिम चालू होती. रयोकानच्या दारात बसून आम्ही बूट चढवत होतो. डोंगराचं दर्शन सेगावाला झालं नाही ते नाहीच. तेवढ्यात कुंडातले ते जाडसर गृहस्थ समोरून आले आणि माझ्याकडे बघून खुलले.

“काय राव! काल पहाटे काय फुजी दिसला हो आपल्याला! तुम्ही तर असे पळालात की मला वाटलं घरी तार करायला निघालात!”

एवढं बोलून ते न्याहारीला निघून गेले. मी बुटाच्या नाडीकडे बघत राहिलो. धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

“तूसुद्धा?” हिरानुमा म्हणाला.

“सुद्धा म्हणजे?”

“म्हणजे...” त्याचा चेहरा त्याच्याच दुकानातल्या साबणासारखा पांढरा झाला. “मी सिगारेट ओढायला खाली गेलो होतो. दिसला. तुम्हाला उठवायला येईपर्यंत गेला. मग मी पांघरुणात शिरलो आणि घोरलो.”

“अहो, मी तर बायकांच्या कुंडात होते!” नागुमो-बाईंनी पदराने तोंड झाकावं तसं बाहीने झाकलं. “कालपासून जीव नुसता कासावीस होतोय. ऊन मी आणलं होतं हो, पण सांगू कशी?”

मग आम्हा तिघांना एकदमच आठवलं की समोर सेगावा बसलाय. आम्ही तिघे त्याच्यापुढे दारातल्या फरशीवर डोकं टेकवून वाकलो. एका पायात बूट आणि एका पायात मोजा, अशा अवस्थेत मी आयुष्यात कुणाची क्षमा मागितली नव्हती.

सेगावा बराच वेळ बोलला नाही. आम्हाला त्याची सवय होती, आम्ही वाकूनच राहिलो.

“मीही पाहिला,” तो म्हणाला.

आम्ही डोकी वर केली.

“खिडकीत उभा होतो. सगळा दिसला, वरपासून खालपर्यंत. इतका सुंदर असेल असं वाटलं नव्हतं.” तो हातातल्या छत्रीकडे बघत होता. “मग बाहेर हिरानुमाच्या चपला वाजल्या. मी पडदा ओढला आणि तोंड धुवायला गेलो.”

“पण का रे?” मी विचारलं.

“दिसला असं म्हटलं असतं, तर दुपारच्या गाडीने आपण घरी गेलो असतो.”

एवढंच. नागुमो-बाई नाक ओढायला लागल्या. मालकीणबाई चपलांच्या कपाटाशी उगाचच काहीतरी शोधायला लागल्या. आणि हिरानुमा, ज्याने मला आयुष्यभर सुखाने एक क्षण बसू दिलं नाही तो हिरानुमा, खाली बसला, त्याने चढवलेले दोन्ही बूट काढले, जोडून नीट कपाटात ठेवले आणि पुन्हा घरातल्या चपलांत पाय सरकवले.

“काय बघत बसलायस, कुझे?” तो घसा खाकरून म्हणाला. “वाकात्सुकीला फोन लाव. सांग, पाऊस थांबत नाही.”

मी फोन लावला. घंटी वाजत असताना दाराबाहेर नजर गेली. रिमझिम थांबली होती. अंगणातल्या ओल्या दगडांवर ऊन पडलं होतं, आणि सरोवरावरचे ढग कुणी पांघरूण ओढावं तसे वर सरकत होते. सेगावाची तिकडे पाठ होती.

मी हात लांब करून दार ओढून घेतलं.

“हो, वाकात्सुकी-सान,” मी म्हणालो, “धो धो चालू आहे. हो. हो, माझ्यामुळेच.”